बाप्तिस्म्याच्या रविवारपर्यंत

माझ्या लेकीला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. जन्मली तेव्हा दोन्ही डोळे चांगले होते. हे सांगितलं की लोक मला देवाची मर्जी समजावायला लागतात. देवाला यात ओढू नका, त्याचा यात काही हात नव्हता.

बाळंतपणासाठी मी सांडोरला माहेरी आले होते. आमच्या घरात रीत अशी, की बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. त्याची पहिली वाट देवळाची. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. दवाखान्यातून घरी आणलं की नंतर थेट बाप्तिस्म्याच्या रविवारी बाहेर, पांढरं झबलं घालून, गॉडमदरच्या हातात. आईनं पाहुणे बोलावले होते, जेवण ठरवलं होतं. नातीच्या कौतुकानं ती नुसती तरंगत होती.

मंगळवारी सकाळी बाळाचा डावा डोळा चिकटला. आईनं कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसला आणि म्हणाली, "तुझं दूध सोड दोन थेंब. तुझ्या डोळ्यात मी हेच सोडलेलं." दुपारी पिवळा पू पुन्हा जमला. संध्याकाळपर्यंत पापणी टम्म सुजली.

"आई, डॉक्टरकडे नेऊ या."

"रविवारपर्यंत थांब गं. एकदा देवळातून आली की कुठं पण ने. सगळ्याच पोरांचे डोळे येतात, काय नाय होत."

सिझेरियनचे टाके ओले होते, उठून बसायलाही मला तिचाच हात लागायचा. नवरा विरारच्या फ्लॅटवर. तो संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, आणि त्याआधी आई बाळाचं तोंड स्वच्छ पुसून, टोपरं नीट करून, तिला डाव्या कुशीवर वळवून ठेवायची. जावयाला उगाच घोर नको म्हणून. तो म्हणायचा, "काय मस्त झोपलीय! तू टेन्शन नको घेऊ, मम्मी आहेत ना." मी काही बोलायला लागले की आई मागून हातानं खुणावायची. ती फसवत नव्हती. तिचा खरंच विश्वास होता, म्हणून तर मला आजही तिच्यावर धड चिडता येत नाही.

शुक्रवारी उजवाही चिकटला. मी बोटांनी डावी पापणी जराशी उघडली. काळ्या बुबुळावर करडा, दुधाळ ठिपका होता. मी अशी किंचाळले की शेजारची माणसं वाडीतून धावत आली. त्यांच्यातल्याच एकानं गाडी काढली. आईनं स्वतःच बाळाला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "नवजात बाळाच्या डोळ्यात पू दिसला की त्याच दिवशी आणायचं, एक रात्रही काढायची नाही. दूध, मध, काजळ काही घालायचं नाही." जंतू कधी जन्मताना आईकडूनच येतात, म्हणून गरोदरपणात तपासणी करून घ्यायची असते, असंही सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उजवा वाचेल."

डाव्या बुबुळाला भोक पडलं होतं. आई म्हणाली, "माझा काढून घ्या. मला आता काय बघायचंय?" जिवंत माणसाचा डोळा घेत नाहीत, हे डॉक्टरबाईंनी तिला समजावलं. आईला ते काही केल्या पटेना.

रविवारी आम्ही वॉर्डात होतो. जेवण रद्द करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. पाहुणे नटूनथटून आले आणि बंद दार बघून परत गेले. नंतर सगळे शहाणे झाले. अमुक ड्रॉप्स, तमुक डॉक्टर. वरातीमागून किती घोडी आली, विचारू नका.

लेक आता शाळेत जाते. डाव्या बाजूनं काही आलं की तिला अख्खी मान फिरवून बघावं लागतं. आई सांडोरहून येते तेव्हा कायम तिच्या डाव्या हाताला बसते, म्हणजे दाराची कड नको लागायला, टेबलाचा कोपरा नको लागायला. मला हे बघवत नाही.

परवा मी पालेभाजी निवडत होते, लेक शेजारीच अभ्यास करत होती. आई आमच्या मध्ये, तिच्या डाव्या हाताला येऊन बसली आणि मला हळूच म्हणाली, "एकदा तरी मला शिव्या दे गं. तू काहीच बोलत नायस, ते मला सोसत नाय."

शिव्या माझ्या जिभेवर तयार असतात, सगळ्या, रोज. पण मी त्या दिल्या की आई रडणार. आणि आपली आजी का रडते हे बघायला माझ्या लेकीला अख्खी मान फिरवावी लागणार.

"जुडी इकडे दे," मी म्हटलं.