कुमुदकाकूंच्या दारातल्या चपला

आमच्या धंद्यात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. मी विश्रांतवाडीत घरं भाड्याने लावून देते. पर्समध्ये किल्ल्या साठतात तसे किस्सेही साठतात. किल्ल्या निदान परत तरी करता येतात. त्यातून भाडेकरू परदेशी असला की विचारूच नका. आता डॅनियलचंच घ्या. टांझानियाहून शिकायला आलेला, उंचापुरा, हळू बोलणारा मुलगा.

*

फोनवर मालक म्हणायचे, "या की, जागा रिकामीच आहे." दारात डॅनियल दिसला की, "अरेरे, कालच गेली हो!"

असं बरेच दिवस चाललं. शेवटी माझ्या स्कूटरवर मागे बसून त्याने विचारलं, "मॅडम, पुण्यात सगळी घरं कालच का जातात?"

मी हॉर्न वाजवला. समोर कोणी नव्हतं.

*

सदाशिव पेठेत एका आजोबांनी रीतसर इंटरव्ह्यू घेतला.

"नॉनव्हेज?"

"घरात नाही करणार."

"पार्ट्या?"

"नाही सर. इथे मला मित्रच नाहीत."

आजोबांनी मला बाजूला घेतलं. "ज्याला एक मित्र नाही, तो माणूस कसा असेल हो?"

बाहेर आल्यावर डॅनियलने कारण विचारलं. मी म्हटलं, "कालच गेली."

*

मग मी त्याला कुमुदकाकूंकडे नेलं. काका गेल्यापासून काकू एकट्याच. त्यांच्या समोरचा फ्लॅटही त्यांचाच. काकूंनी त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "देश कुठलाही चालेल. दार आपटणारा चालत नाही. आणि पाहुणे नकोत."

तो राहायला आला. दोन महिन्यांनी काकूंचा फोन. "अहो, तुमच्या त्या मुलाकडे कुणीच कसं येत नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"आम्ही म्हणतोच तसं. म्हणून खरंच कुणी यायचं नाही की काय?"

*

काकूंच्या दाराबाहेर काकांच्या चपला असायच्या. बाई एकटी आहे हे जगाला कशाला कळायला हवं, म्हणून ठेवलेल्या. काकू त्या रोज पुसायच्या.

डॅनियलला हे कोण सांगणार? चपला कधीच जागच्या हलत नाहीत, म्हणजे अंकल घरात आजारी आहेत, असं त्याने धरलं. येता-जाता बंद दाराला "गुड मॉर्निंग, अंकल" म्हणायचा. एकदा संत्री घेऊन आला. "अंकलना द्या. आता बरे आहेत का?"

"पडून आहेत," काकू म्हणाल्या आणि संत्री आत घेऊन गेल्या.

मी तिथेच होते. म्हटलं, "काकू, सांगून टाका ना त्याला."

काकू संत्रं सोलत म्हणाल्या, "कशाला? किती दिवसांनी कुणीतरी ह्यांची चौकशी करतंय."

माझ्या घरचं कुलूपही संध्याकाळी मीच उघडते. त्यांचं म्हणणं मला नीट कळलं, आणि वाईटही वाटलं.

*

शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात त्याला खरं सांगितलं. डॅनियल फार ओशाळला. मला वाटलं, आता हा दुसरी जागा मागणार. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर तो दारासमोर उभा राहून म्हणत होता, "गुड मॉर्निंग, अंकल."

मी विचारलं, "अरे, तुला कळलं ना?"

"कळलं. अंकल ऐकत नाहीत," तो म्हणाला. "आंटी ऐकतात."

*

त्याचं शिक्षण संपलं. निघायच्या दिवशी मी किल्ली घ्यायला गेले. काकूंनी त्याला डबा दिला, पाठीवर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. तो बॅगा घेऊन लिफ्टने खाली गेला. मी फ्लॅट एकदा पाहून घेतला, कुलूप लावलं आणि वळले, तर काकांच्या चपलांशेजारी डॅनियलचे भले मोठे बूट. स्वच्छ पुसलेले, नीट जोडीने ठेवलेले.

मी जिन्याच्या खिडकीतून खाली डोकावले. तो साध्या स्लीपर घालून कॅबमध्ये बॅगा टाकत होता. मी जोरात हाक मारली, "डॅनियल, अरे बूट राहिले तुझे!"

त्याने वर पाहिलं, हात हलवला आणि गाडीत बसला.

मागे दार किलकिलं झालं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "ओरडताय कशाला? घरात माणसं आहेत."