नहरीच्या पाण्याचा चहा

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर चारेक वर्षांनी रामकिसन सिल्लोडहून औरंगाबादेत आला आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यानं चहाचं हॉटेल टाकलं. कपबशा विसळायला गावाकडचाच पुंजाराम ठेवला. आलं कधी ठेचून टाकायचं, पूड कधी सोडायची, उकळी कुठवर येऊ द्यायची, सगळं त्याला हाताला धरून शिकवलं. पुंजाराम शिकला, आणि लग्न झाल्यावर समोरच, नहरीच्या दगडी मनोऱ्याला लागून, त्यानं आपली भट्टी पेटवली.

ही नहर फार जुनी, डोंगराकडून जमिनीखालून शहरात आलेली आणि मनोऱ्याच्या तोटीतून पाणी देणारी. तिच्या पाण्यानं डाळ लोण्यासारखी शिजते, असं जो तो सांगे. गल्लीतले पेन्शनर तात्यासाहेब पहिल्याच दिवशी बशीतून घोट घेऊन म्हणाले, "वा, नहरीचं पाणी लागतंय हो जिभेला." तात्यासाहेबांनी म्हटलं म्हणजे गल्लीनं म्हटलं. गिऱ्हाईक तिकडं वळलं.

दूध एकाच गवळ्याचं, पूड एकाच दुकानातली. तरी तिकडं बाकावर जागा मिळेना आणि इकडच्या बाकावर मांजर झोपू लागलं. समोर कुणी घोट घेऊन मान डोलावली की रामकिसन इकडं पुसलेलीच कपबशी पुन्हा पुसे. त्याला एकच ऐकायचं होतं. तात्यासाहेबांनी एकदा तरी म्हणावं, चहा रामकिसनचाच.

बायको, सरूबाई, म्हणे, "दुसऱ्याच्या भट्टीकडं बघून आपलं आधण येतं व्हय?"

एका उन्हाळ्यात रामकिसन शेजारच्या गल्लीतल्या सरकारी नळावर पाणी भरायला गेला, तर रांगेत पुढं पुंजाराम उभा, दोन्ही हातांत डबे. रांगेतल्या बायकांकडून कळलं, मनोऱ्याचं पाणी दिवाळीपासूनच आटलं होतं. म्हणजे इतके महिने लोक नळाच्या पाण्यावर माना डोलावत होते. रामकिसनला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तात्यासाहेबांना नळावर आणून उभं केलं. पुंजारामनं काहीच लपवलं नाही. "व्हय मालक, नहर आटली. मला कुणी इचारलंच नाय."

तात्यासाहेबांनी दोन्ही डब्यांत डोकावून पाहिलं. मग तिथून थेट पुंजारामच्या बाकावर जाऊन बसले, चहा मागवला, घोट घेतला आणि म्हणाले, "पाणी नळाचं असेल. पण हे चहाचं भगुनं इतकी वर्षं नहरीच्या पाण्यात मुरलंय. चव त्यात उतरलीये."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

रामकिसनचं डोकं फिरलं. भरल्या बाकासमोर त्यानं ते भगुनंच मागितलं. त्याला वाटलं, पुंजाराम नाही म्हणेल आणि उघडा पडेल. पण पुंजारामनं ते घासलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "घिऊन जा मालक. तुमच्याच जवळ तर शिकलो."

त्या संध्याकाळी रामकिसननं त्याच भगुन्यात, त्याच नळाच्या पाण्याचा चहा केला. इतक्या जिवापाड त्यानं कधीच केला नव्हता. तात्यासाहेबांना आपल्या बाकावर बोलावून बशी स्वतः त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी दोन घोट घेतले, चवीनं घेतले. 

"चांगला झालाय," तात्यासाहेब म्हणाले, "पण रामकिसन, खरी चव हाताची, आणि हात पुंजारामचा हो."

तो हात कुणी घडवला, हे रामकिसनच्या ओठांवर येऊन राहिलं. त्यानं बशी उचलली. भगुनं रिकामं केलं आणि ते परत करायला रस्ता ओलांडून गेला. पुंजारामनं नव्या पातेल्यातला चहा न विचारताच पुढं केला. रामकिसननं ठरवलं होतं, थुंकून टाकायचा. पण घोट घशाखाली उतरला आणि त्याला गोंधळल्यासारखं झालं. चहा खरंच चांगला होता. आपल्यापेक्षा कणभर सरस लागत होता. का, ते काही केल्या कळेना. बशी कधी रिकामी झाली, तेही कळलं नाही.

घरी सरूबाईनं विचारलं, कसा होता?

"पांचट," रामकिसन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकावर कुणी नाही असं बघून, तो पुन्हा रस्ता ओलांडून गेला.