मेस्त्रींचं बोट

डिझेलच्या गाड्या तेव्हा नव्या होत्या. थंडीत सकाळी माझी केळ्यांची गाडी सुरू होईना, की माणिकपूरचे मेस्त्री इंजीन तापवणारे चारही हीटर काढत, एकेक बॅटरीला लावत आणि टोकाला हलकेच बोट लावत. चटका बसला, तर हीटर चांगला.

"डोळा फसवतो, बोट नाय फसवत," म्हणत.

त्यांच्या मनगटावर एक फिकट चट्टा होता. भाजल्याचा असेल, असं मला वाटे.

त्या दिवशी पहिला हीटर थंड निघाला. दुसराही. तिसऱ्यावर त्यांनी बोट दाबूनच धरलं. "हा पन मेला."

मला जळक्या कातडीचा वास आला. हीटर लालभडक होता.

"मेस्त्री, हात!"

त्यांनी बोट उचलून निरखलं. "कोनाला बोलू नको."

माझी नजर त्यांच्या मनगटावर गेली; तो चट्टा भाजल्याचा नव्हता. मी नकळत एक पाऊल मागे सरलो. त्यांनी ते पाहिलं आणि बॉनेटवर ठेवलेला आपला चहाचा कप उचलून माझ्या कपापासून लांब ठेवला.