छप्पर उतरवलेलं घर

सुताराने उभ्या जन्मात एकदाच फुशारकी मारली, आणि तीही नको तिथे.

मूकपटांचे दिवस होते. कंपनीच्या मैदानात तो लाकडी चौकटींवर कापड ताणून महाल, तुरुंग, कचेऱ्या उभ्या करायचा. कॅमेऱ्याला सूर्याचाच उजेड लागे, म्हणून त्या महालांना छप्पर कधीच नसायचं. त्या दिवशी गरिबाच्या घराचा देखावा होता. नटाने रागाने दार आपटलं आणि अख्खी भिंत वाळत घातलेल्या लुगड्यासारखी हलली. दिग्दर्शक खवळला.

"याला घर म्हणायचं?"

सुताराच्या वर्मी लागलं. "घर बघायचं तर माझं बघा साहेब. असं शोधून सापडायचं नाही!"

साहेबाने त्याला लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "अरे, खरा कलावंत तूच!" दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा दारात हजर. आत अंधार, म्हणून सुतारानेच शिडी लावून स्वतःची कौलं उतरवली आणि रस्त्याकडची भिंतही काढली. आत त्याची बायको होती, छातीच्या दुखण्याने वर्षभर अंथरुणाला खिळलेली.

"असू दे तिला. खरी आजारी कुठे मिळते?" साहेब म्हणाला.

"संध्याकाळी कौलं परत चढवतो गं," सुतार बायकोला म्हणाला.

पण दिवसभर ढग होते, काहीच टिपता आलं नाही. "आता कौलं चढवलीस तर उद्या उतरवण्यात सकाळचा उजेड जाईल," साहेबाने बजावलं. दुसरा दिवस ढगात गेला, तिसराही. थंडी मी म्हणत होती. शेजारीण आपल्या घरी न्यायला आली, तर बायको म्हणाली, "घर असं उघडं टाकून जाऊ कुठे?" खोकून खोकून तिचा जीव मेटाकुटीला आला. सुताराला सगळं दिसत होतं, पण साहेबापुढे जीभ उचलेना. अशा माणसाला कुणी बिचारा म्हणू नये.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. मालकाच्या वेषातला नट तिला कांबळं द्यायला वाकला. तशी ती कोपरावर उठली आणि त्याच्या खांद्यावरून, कॅमेऱ्याशेजारी उभ्या नवऱ्याकडे बघून बोलली.

"मेले तरी तुला माफ करणार नाही."

तिचे डोळे भरून वाहत होते. साहेब हरखला. "थांबू नका, फिरवत राहा!"

कौलं त्याच संध्याकाळी चढली. आठवड्याने ती गेली.

चित्रपट लागला. ती पडद्यावर बोलली आणि पाठोपाठ काळ्या पाटीवर अक्षरं उमटली, "मालक, आपले उपकार कसे फेडू?" थिएटरात बायका डोळे पुसू लागल्या. "किती गुणाची बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

घरात तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून सुतार रोज जाऊन पहिल्या रांगेत बसायचा, आणि ती रोज त्याच्याकडे बघून तेच म्हणायची.