चौकशीला आलेली मुलगी

चोर कोण आहे हे मी सासूबाईंना चहा निवायच्या आत सांगून टाकलं, आणि त्यांनी कपबशी खाली ठेवून विचारलं, "मग आता बघायचं काय? जावईबापू, माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघा."

चोर खराखुरा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. आम्ही तेव्हा सौदी अरेबियात यान्बूला राहत होतो. मी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात, मुलगी सहावीत, बायको घरी, आणि सासूबाई चिपळूणहून व्हिजिट व्हिसावर आलेल्या. मुलीला त्या काळात गुप्तहेरीच्या खेळांचं वेड होतं. एकाच मालिकेतले खेळ; दर खेळात तीच चुणचुणीत मुलगी नव्या गावी जाते, कोडी सोडवते, चोर पकडते. सगळं बोलणं इंग्रजीत. त्या गुरुवारी, म्हणजे आमच्या तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सासूबाई नातीशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दुभाषा म्हणून माझी नेमणूक झाली.

"ही कोण मुलगी?"

"ही चौकशीला आली आहे."

"बरं केलंन. कोणाला बरं नाही?"

मी म्हटलं, तशी चौकशी नव्हे, पोलीस करतात तशी. बेटावरच्या दीपगृहाच्या संग्रहालयातली जुनी पितळी घंटा चोरीला गेली आहे. हा संग्रहालयाचा म्हातारा, ही खाणावळवाली, हा कोळी आणि ही पुस्तक लिहिणारी बाई. ह्या चौघांतलाच एक चोर. आणि मग, शहाणपणा दाखवायची खुमखुमी, मी पुढे म्हणालो, "तो म्हातारा. या खेळांत जो पहिल्या भेटीत बिस्किटं देतो ना, तोच असतो." मुलीने दोन खेळ संपवले होते तेव्हा मी मागे उभं राहून पाहिलं होतं. दोन्हींत गोड बोलणाराच निघाला होता. मला वाटलं, मालिकेची किल्ली आपल्या हाताला लागली.

तिकिटाचं ऐकून बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. भांड्यांच्या आवाजाआड ती म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली आहे. चिपळूणला गेले की ती वहिनीची असते, नातवंडांची असते, आळीतल्या यच्चयावत बायकांची असते. इथे आत्ता कुठे ती माझ्या वाट्याला आली होती. आधीच कंटाळली आहे, बोलायला माणूस नाही म्हणते. आज जरा रमली होती, तर तुम्ही चोर सांगून टाकलात!"

"मी परत रमवतो."

"कसं?"

आमच्या कुटुंबात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. लग्नकार्यात, गाडीच्या प्रवासात, मुलं मला घेरून बसतात. निदान बसायची. माझ्या गोष्टींचाही एक साचा आहे असं पुतणी म्हणते: आधी हवामान, मग कोण कोणाचा कोण, मग कोणाची तरी एसटी चुकते, आणि गोष्ट सुरू होईपर्यंत निम्मे श्रोते झोपलेले. तेव्हा "कसं" या प्रश्नाला माझ्यापाशी सराव तेवढा होता.

सासूबाईंना म्हटलं, चोर कळला तरी त्याने का चोरलं ते कुठे कळलंय? "नातीसाठी बसते," त्या म्हणाल्या आणि बसल्या. तिकिटाचा विषय मात्र मिटला नाही. दर दोन दिवसांनी "एजंटाकडे गेला होतात का?" अशी विचारणा होई आणि मी गाडीला पार्किंग मिळालं नाही असं सांगून वेळ मारून नेई.

एरवी मी त्या खेळाकडे मान वर करून पाहिलंही नसतं. पण सासूबाई विचारू लागल्या तसा मलाच तो अजब वाटू लागला.

"ही दुसऱ्याच्या कपाटात हात घालते, खण उचकते, आणि घरचं माणूस शेजारी उभं असून काही बोलत नाही?"

"तशी रीत आहे."

"हा कोळी सारखा त्याच होडीपाशी. घरी जात नाही?"

"नाही. चौघंही आपापल्या जागीच असतात."

"जेवतात कधी?"

खरंच, जेवतात कधी? खाणावळवालीच्या खाणावळीत एकही ताट मांडलेलं दिसत नव्हतं. बेटावर पोचायला एकच बोट, आणि खेळातली मुलगी उतरली की ती लगेच बंद. म्हणजे कोणी निसटायला नको. कुलपं किल्लीने उघडत नाहीत, चित्रांचे तुकडे जुळवून उघडतात. मुलगी चुकून कड्यावरून पडली तर खेळ हळहळतो, आणि पडण्याच्या आधीच्या क्षणावर तिला परत आणून उभी करतो. सासूबाईंना हे सगळ्यात पटलं. "एवढं आपल्याकडे असतं तर," त्या म्हणाल्या. सासरे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मला सगळ्यात मजेची वाटली ती बोलण्याची पद्धत. कोणाशी बोलायचं तर पडद्याच्या तळाशी दोन-तीन प्रश्न लिहून येतात. त्यांतलाच एक निवडायचा. तोच तोच कितीदाही विचारा, समोरचा तितक्याच शांतपणे उत्तर देतो. पण आपल्या मनातला प्रश्न विचारायची सोय नाही.

"ह्या खाणावळवालीला विचार गं, मूलबाळ किती?"

"आजी, ऑप्शन नहीं है."

"म्हणजे?"

"वो क्वेश्चन ही नहीं है. ओन्ली घंटा के बारे में पूछ सकते हैं."

"अगं, घंटेचं काय घेऊन बसलीस? एवढ्या वाऱ्यावादळाची बाई एकटी राहते, तिची आधी विचारपूस नको? मग ती आपण होऊन सांगेल घंटेचं."

सासूबाई खुर्चीतून उठू लागल्या. मला धोका दिसला. तेवढ्यात खाणावळवाली काहीतरी बोलली आणि माझ्या तोंडून भाषांतर बाहेर पडलं. म्हणजे पडू लागलं ते थांबेचना. तिचा नवरा समुद्रात गेला. दोन मुलं बहिणीकडे शिकायला ठेवली आहेत. धाकट्याला दमा. हिवाळ्यात हिचे गुडघे धरतात, तरी जिने तीच पुसते. सासूबाई परत बसल्या. पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मूळ वाक्य होतं: आज बोट सुटणार नाही.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच विनवणी केली. नंतर तिने सौदा केला: शावर्मा, एक्स्ट्रा गार्लिक, आणि तोही आजच. तिचं तोंड बंद राहिलं.

मग रोज दुपारी चारला मी कामावरून आलो की सासूबाई तयारच. तिकिटाचं विचारणं विरळ झालं. मी कोळ्याला एक रुसलेला भाऊ दिला, पुस्तकवाल्या बाईचं मोडलेलं लग्न दिलं. म्हाताऱ्याला मात्र काही दिलं नाही. तो चोर होता ना. तो पडद्यावर आला की सासूबाई तोंड फिरवत. "बिस्किटं देतोय मेला," म्हणत. बायको चहा घेऊन दारात उभी राहायची आणि आईकडे बघत बसायची. माझ्याकडे कौतुकाने बघते आहे असं मी धरून चाललो होतो.

आणि एका दुपारी खेळ संपला. या मालिकेत शेवटाचीही रीत ठरलेली: खेळातली मुलगी तळघरात अडकते, चोर दार लावून घेतो आणि पळून जायचं सोडून आपण हे का केलं ते सविस्तर सांगत बसतो. दार लागलं. कंदील वर झाला. कंदिलामागे खाणावळवाली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "ही? दोन लेकरं पदरात असताना?"

खाणावळवाली इंग्रजीत भडाभडा बोलत होती. त्या क्षणी मला एकही वाक्य सुचेना, खरं किंवा खोटं.

"काय म्हणते आहे ती? मुलांसाठी केलं म्हणते का?"

मुलीला हसू आवरेना. "आजी, शी हॅज नो किड्स! नवराही नाहीये. सब बाबांनी मेक अप केलं!"

बायको दारात. मी माउसकडे बघत होतो, कुठे मागच्या क्षणावर परत जायचं बटण दिसतं का.

"मला ठाऊक होतं," सासूबाई म्हणाल्या. "तिचे ओठ दोनदा हलायचे आणि तुमचं मराठी भात शिजेपर्यंत चालायचं. छान सांगता हो तुम्ही, म्हणून ऐकत होते. त्याचं नाही मला. पण तो म्हातारा? तो बरा निघाला की नाही?"

"बरा निघाला."

"आणि मी इतके दिवस त्याच्याकडे पाठ केली, तुमच्या शब्दावर." त्या माझ्याकडे वळल्या. पडद्याच्या तळाशी लिहून आल्यासारखे एकेक प्रश्न विचारू लागल्या. "समोरच्या दारातले लोक कोणात मिसळत नाहीत, हेही मला तुम्हीच सांगितलंत ना? आल्या आल्या?"

समोरच्या फ्लॅटमध्ये एक इजिप्शियन कुटुंब होतं. मला कामापुरती अरबी येत असूनही तीन वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे ओळख नव्हती.

"हो. दिवाळीचा फराळ दिला होता आम्ही. दारच उघडलं नाही. आत टीव्हीचा आवाज येत होता."

"ताट घेऊन कोण गेलं होतं?"

"मी."

"किती वाजता?"

"दुपारी. मला सुट्टी होती."

"त्यांच्या यजमानांना?"

मी विचार केला. "ते ड्युटीवर असणार."

"म्हणजे घरात बाई एकटी, आणि दारात मिशा असलेला परका पुरुष, हातात झाकलेलं ताट. तिने काय करावं असं तुमचं म्हणणं?"

मुलगी म्हणाली, "ओह माय गॉड, बाबा." बायको म्हणाली, "मी म्हटलं होतं, मी जाते. तर म्हणे, तू राहू दे, मी आहे ना." हे तिने म्हटलं होतं का ते मला आठवत नाही. म्हटलं असणार.

सासूबाई उठल्या. रव्याचे लाडू डब्यात भरले, पदर सारखा केला, चष्मा पुसला.

"आई, तुला भाषा येत नाही त्यांची," बायको म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला येत होती ती काय कामाला आली?" म्हणून त्या बाहेर पडल्या.

आम्ही तिघं आमच्या दाराच्या छिद्राशी रांगेत. आधी मुलगी, मग बायको, माझ्या वाट्याला शेवटी. बेल वाजली. समोरच्या छिद्रात अंधारल्यासारखं झालं, म्हणजे तिकडूनही कोणी बघत होतं. मग साखळी निघाली. बाईचा अर्धा चेहरा, मग पूर्ण. सासूबाईंनी डबा पुढे केला आणि शुद्ध चिपळूणच्या मराठीत विचारलं, "बऱ्या आहात ना? मुलं शाळेतून आली?" बाईने अरबीत काहीतरी उत्तर दिलं. दोघी आत गेल्या. दार लागलं.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, नमाजापुरती दुकानं बंद होऊन पुन्हा उघडली, तरी सासूबाई आल्या नाहीत. बायको दोनदा छिद्राशी जाऊन आली. मी म्हटलं, जाऊन बघू का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

आल्या त्या हातात बशी घेऊन. बशीत पाकात मुरलेल्या रव्याच्या वड्या, वर एकेक बदाम. "रवाच, पण तूप सढळ," त्या म्हणाल्या. "तिला तीन मुलं. मोठीला गणित जमत नाही. आईचं ऑपरेशन झालंय, कैरोत. नवऱ्याचे ते कसले कफील की काय, म्हणजे मालकच, रजा देत नाहीत." हे सगळं कुठल्या भाषेत कळलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मी चहाच्या वेळी कुतूहल म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "विचारलं की सांगतं माणूस."

मग त्यांनी एजंटाचा विषय काढला. "तिकीट अलीकडचं काढलं असेल तर रद्द करा," त्या म्हणाल्या. "व्हिसा असेल तोवर राहीन. तिला पुरणाच्या पोळ्या दाखवायच्या आहेत."

मी काढलंच नव्हतं. तरी "बघतो एजंटाशी बोलून," म्हणून मोठेपणा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरी आलो की खुर्ची रिकामी. सासूबाई समोर. पोळपाट समोर. कधी आमची मुलगीही समोर, त्यांच्या मोठीला गणित शिकवायला. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मी जरा ऐटीत बायकोला म्हणालो, बघ, आई राहिली की नाही?

ती कणीक मळत होती. "राहिली," ती म्हणाली, "पण माझ्याकडे कुठे राहिली? ते दार उघडं ठेवा, हात धुऊन मीच जाते समोर. आणि तुम्ही येऊ नका."