बिरूमामाचा फासा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, ऑफिसात नाही, आणि ज्याला सांगायला हवं त्याला तर नाहीच. तुम्ही हसाल — हसा. मलाही सांगताना हसू येतंय, हीच तर पंचाईत आहे.

दर रविवारी दुपारी व्यंकटेश, शबाना आणि मी भवानी पेठेत व्यंकटेशच्या माडीवर जमतो आणि खेळतो. पत्ते नाहीत, कल्पनेतल्या एका जगाचा खेळ. तिथली माणसं अर्धी जनावरं. व्यंकटेशचा वाघतोंड्या तलवारबहाद्दर, शबानाची घारीच्या डोळ्यांची तिरंदाज, दोघं मिळून ड्रॅगन मारायला निघालेले. गोष्ट पुढे न्यायची मी. लढाई आली की फासे टाकायचे — त्यांचे उघड्यावर, माझा टॉवेलच्या रिकाम्या खोक्याआड.

वाटेत एखादं शेत हवं म्हणून मी सहज एक शेतकरी घातला. बिरूमामा. मेंढरू-माणूस, अंगभर लोकर, मुंडाशातून बाहेर आलेली शिंगं, पराक्रम शून्य. ज्वारी राखतो, पाखरांवर खेकसतो आणि येईल त्याला बसवून घेतो. "या की! ड्रॅगन काय पळून जातुय व्हय? हुरडा गरम हाय, आदी खावा." झालं! दोन्ही वीर फिदा. राजाचं बोलावणं बाजूला आणि दर रविवारी मुक्काम मामाच्या बांधावर.

त्या दोघांचा लाडका म्हणून मी त्याला जपलं — नाही, थांबा. खरं सांगायला बसलेय ना मी? मी मूळची दुधनीची, मामासारखंच बोलत वाढलेली. अक्कलकोट रोडच्या टॉवेल-कारखान्यात, ऑफिसात, मी अगदी स्वच्छ 'आहे-नाही' बोलते. सुरुवातीला कुणीतरी माझ्या 'न्हाय'ला हसलं होतं, तेव्हापासून. बिरूमामाच्या तोंडून मात्र मी पोटभर बोलून घ्यायचे. काय सुख होतं त्यात, कसं सांगू तुम्हाला!

मग एकदा शेतावर लांडगे आले. मीच आणले, गोष्टीत जरा जान हवी म्हणून. नियमही माझाच — सगळ्यांनी फासा टाकायचा, ज्याचा आकडा सगळ्यात कमी तो मेला. शबानाला पाच पडले. व्यंकटेशला तीन. मी खोक्याआड बिरूमामाचा फासा टाकला.

एक पडला.

आणि मी काय म्हणाले असेन? "चार."

व्यंकटेशचा वाघ मेला. वर्षभर जीव लावून वाढवलेला. त्याच्यासाठी पठ्ठ्याने पुठ्ठ्याची ढालसुद्धा बनवली होती. त्याने ती ढाल भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "जाऊ दे. मामा तरी वाचला." मी मान डोलावली — किती निगरगट्ट असावं माणसानं?

आता हा परत येतोय कशाला, असं वाटलं. पण पुढच्या रविवारी आला. वाघाच्या जागी रेडा-माणूस घेऊन आला, तोही शेतकरी! "अक्का, मामाच्या शेजारचं रान मला दे की. लढाई बास." व्यंकटेशचा जन्म गेला यंत्रमागाच्या खडखडाटात, शेतीतलं ओ की ठो माहीत नाही. पेरायला निघाला तो खुरपं घेऊन! बिरूमामा त्याला शिव्या घालतो आणि शबाना हसून हसून लोळते. आता तिनेही धनुष्य खुंटीला टांगलंय, पाखरं राखते. ड्रॅगन बिचारा वाट बघून म्हातारा झाला असेल. इतकी मजा आम्ही कधीच केली नव्हती.

व्यंकटेश अधूनमधून म्हणतो, "माझा वाघ मेला ते बरंच झालं, अक्का. नशीब!" आणि मी म्हणते, "नशीब." दर वेळी. कसलं नशीब? मरण माझ्या माणसाचं होतं. मी त्याचा मारला, आणि त्याच्या तोंडावर नशिबाचं नाव सांगते.

वाईट वाटतं का? वाटतं — सोमवारपासून शनिवारपर्यंत. रविवारी मी जिना चढायला लागते, माडीवरून व्यंकटेश ओरडतो, "मामा, हाय का घरात?"

आणि मी खालूनच ओरडते, "हाय की!"