हातचा राखलेला कोळी

पोलीस अ‍ॅक्शननंतर औरंगाबादेत कॉलेजं निघाली, त्यातल्या एकात मी प्राणिशास्त्र शिकवायचो. पडेगावच्या माळावर दगडाखाली मला एक कोळी सापडला. जाळं विणणारा नाही, बिळात दबा धरून बसणारा. कुठल्याच ग्रंथात त्याची नोंद नव्हती. तसलाच आणखी एक मिळाला, दोन्ही स्पिरिटच्या बाटलीत ठेवले. मी त्याच्यावर लहानसं पुस्तक लिहून गावातच, गुलमंडीतल्या छापखान्यात छापून घेतलं. पण गुलमंडीतलं पुस्तक शास्त्रज्ञांपर्यंत जातं कुठं? मुंबईच्या एका नियतकालिकानं दखल घेतली, तरच कोळी माझ्या नावावर चढणार होता. म्हणून संपादकांना प्रत पाठवली.

उत्तर आलं, पुस्तक पोचलं, परीक्षणासाठी कोळ्याचा नमुनाही पाठवावा.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चित्रं काढलीत, मापं दिलीत, मग कोळी कशाला हवा? निजामी राज्यात वाढलेला माणूस मी, गोड बोलणाऱ्याला आधी दारातच उभा करतो. मी विचारलं, परीक्षक कोण? ते म्हणाले, नाव सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. बघा, इथंच पाणी मुरत होतं.

"अहो, कोळीच मागतायत, सोनं नाय," बायको म्हणाली. "दोन आहेत ना बाटलीत? द्या की एक."

दिला. धड होता तो कपाटात कुलूप लावून ठेवला आणि पकडताना चेंगरलेला मुंबईला धाडला. चोरायचाच असेल तर चोर म्हणावं हा.

महिन्याभरानं पत्र आलं. नमुन्याचे पाय पुरते नाहीत, वर्णनाशी तो जुळत नाही, सबब पुस्तकाची दखल घेता येत नाही. चांगला नमुना असल्यास पाठवावा, पुन्हा पाहू. म्हणजे आता चांगलाच हवा होता त्यांना. माझं डोकंच फिरलं, मी पाठवला नाही. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

काही वर्षांनी त्याच नियतकालिकात सिल्लोडकडच्या एका नव्या कोळ्याची माहिती आली. पायापासून डोळ्यांपर्यंत माझाच कोळी, नाव भलत्याच प्राध्यापकाचं. मी तडक त्या प्राध्यापकाचं घर गाठलं आणि माझं पुस्तक त्याच्यापुढं आपटलं. त्यानं ते उचललं, उभ्या उभ्या चार पानं वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"सर, हे कधी निघालं? आम्हाला कुणालाच ठाऊक नाय हो."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. खोटं शोधत होतो, ते काही सापडेना. फार वाईट वाटलं. चोर असता, तर निदान त्यानं माझं पुस्तक वाचलेलं तरी असतं.